लंबराची बखर

दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. पाथर्डीला एका कचेरीच्या खिडकीसमोर उभा होतो. पुढे दहा-पंधरा माणसे होती. माझ्या लगतच पुढे एक म्हातारबाबा होते. डोक्याला पटका, काखेत पिशवी आणि हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला एक कागद. इतक्यात मागून एक तरणा गडी बाजूबाजूने पुढे सरकू लागला. बाबांनी त्याला हात आडवा घातला आणि म्हणाले,

"ए बाबा, लंबरात ये. सकाळधरनं लंबर लावलाय म्या, आन् माझ्या लंबराचाच उतारा अजून हाती न्हाई!"

गडी निमूट मागे गेला. मला मात्र मोठी मौज वाटली. एका दमात तीन लंबर, आणि तिन्हींचा अर्थ निराळा. पहिला लंबर म्हणजे रांग, दुसरा म्हणजे पाळी आणि तिसरा म्हणजे काळीभोर, बांधाबंधाऱ्याची, बापजाद्यांची जमीन. ऐकणाऱ्यांपैकी कोणाचाही घोटाळा झाला नाही. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, पण त्याचा हा शब्द पाथर्डीच्या खिडकीशी असा अस्सल मराठी होऊन उभा आहे. मनात आले, ह्या शब्दाची बखर लिहायला हवी.

शब्दाचे कूळ पाहू गेले तर ते लॅटिन 'नुमेरुस'पर्यंत जाते. तेथून फ्रेंच आणि फ्रेंचातून इंग्रजी असा त्याचा प्रवास. इंग्रजीतही तो एका अर्थावर संतुष्ट नाही. संख्या, अनुक्रम, एखादे गाणे, नियतकालिकाचा अंक, सगळ्यांना तेथे नंबरच म्हणतात. आपल्या शिकलेल्या मंडळींनी ह्यांतल्या शेवटल्या अर्थाला 'अंक' हा नीटस संस्कृत शब्द दिला. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी जे असते ते अंक. त्याला नंबर कोणी म्हणत नाही. पण शेतकऱ्याला संस्कृत प्रतिशब्द शोधायला सवड नव्हती. त्याने तो शब्द जसा मिळाला तसा उचलला आणि जिभेवर घोळून त्याचा लंबर केला.

ह्या लंबराला कोणी अडाणी उच्चार म्हणून हसू नये. न आणि ल ही आपल्या भाषेत जुनी शेजारीण-शेजारीण आहेत. एकीची भांडी दुसरीच्या घरी सापडतात. संस्कृतातल्या 'लाङ्गल' ह्या शब्दाचा आपण नांगर केला आणि निंबाचा लिंब केला. ज्या जिभेने लाङ्गलाचा नांगर झाला, तिनेच नांगराखालच्या नंबराचा लंबर केला. हिशेब बरोबर झाला म्हणायचा. उत्तरेकडेही हेच घडले. तेथे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या प्रमुखाचे नाव सरकारी वहीत नंबराने चढे. तो झाला लंबरदार. आपल्या विदर्भातही मालगुजारीच्या काळात हे लंबरदार होते.

पण शेताला नंबर पडला कसा, हा बखरीचा मुख्य भाग आहे.

इंग्रजांच्या आधी ह्या मुलखात जमीन मोजली जात नव्हती असे नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला; पण त्याने बसवलेला मलिकंबरी धारा पुढे कित्येक पिढ्या गावोगाव प्रमाण मानला जाई. तथापि त्या व्यवस्थेत जमिनीला नाव असे. गावाच्या जमिनीचे मोठमोठे भाग, त्यांना थळ म्हणत, आणि ते मूळ कसणाऱ्या घराण्याच्या नावाने ओळखले जात. घराणे बुडाले, माणसे परागंदा झाली, तरी थळाचे नाव तेच राही. कोणाकडे कोणते थळ आहे ह्याची यादी म्हणजे थळझाडा. तो वाचताना जमिनीची यादी वाचतो आहोत की वंशावळ, असा प्रश्न पडावा.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या सरकारला सारा हवा होता आणि साऱ्यासाठी नेमका हिशेब हवा होता. १८२७-२८ पासून प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनेत पहिली मोजणी केली. तिचे सिद्धान्त मोठे होते, आकारणी मात्र जबर ठरली. शेते पडीक राहिली, लोक निजामाच्या हद्दीत निघून गेले, आणि ती मोजणी बासनात गुंडाळावी लागली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर ह्या जोडीने इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी आरंभली. १८४७ साली तिचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात, आपल्या नगर जिल्ह्यातही, तीच पद्धत रूढ झाली.

तिची कृती पाहण्यासारखी आहे. तेहतीस फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीची प्रत पाहायची, खोली पाहायची, चुनखड, वाळू, उतार असे दोष पाहायचे आणि जमिनीला रुपयातले किती आणे किंमत द्यायची ते ठरवायचे. साऱ्याचा दर तीस वर्षे बदलायचा नाही. कोपऱ्यावर दगड रोवायचे. आणि अशा आखून काढलेल्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा. तो सर्व्हे नंबर.

हा तुकडा केवढा धरायचा? त्याचे उत्तर साहेबाने आपल्याच गोठ्यात शोधले. एका बैलजोडीच्याने जेवढी जमीन वहिवाटेल, साधारण तेवढा एक नंबर. जमीन भारी असेल तर थोडी कमी, हलकी असेल तर अधिक. म्हणजे शेताच्या नंबराच्या मुळाशी बैलजोडी आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती जोडी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नव्या व्यवस्थेने शेतकऱ्याचे काहीच भले केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. सारा ठरला, मामलेदाराच्या लहरीला लगाम बसला, पडीक जमीन लागवडीला आली. परंतु नंबराबरोबर आणखी एक गोष्ट आली. मिरासीची जमीन पूर्वीही विकली जाई, गहाण पडे; पण त्यात भाऊबंद असत, गावकी असे, चार माणसांच्या तोंडाला तोंड द्यावे लागे. आता नंबर कागदावर लिहिला आणि खाली अंगठा उठवला की काम झाले. अमुक गावचा अमुक नंबर एवढ्या ओळीवर साहुकाराला दिवाणी कोर्टात हुकूमनामा मिळू लागला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला ठिणगी पडली आणि दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. लोकांनी साहुकारांच्या घरांवर चाल केली, पण बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे बाहेर काढून जाळले गेले. त्या रोख्यांत काय होते? रक्कम, व्याज, आणि नंबर. सरकारने चौकशी बसवली आणि १८७९ साली शेतकऱ्यांना साहाय्य देणारा दख्खनचा कायदा केला. कायदा आला, पण नंबर राहिला.

राहिला तो इतका, की सरकारी वहीचा नंबरसुद्धा लोकांच्या तोंडी नाव होऊन बसला. तलाठ्याच्या दप्तरात गावाच्या नोंदींचे नमुने आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. फेरफाराचा नमुना सहा, हक्काचा सात, पिकांचा बारा. सात आणि बारा एका कागदावर आले आणि 'सातबारा' हा शब्द जन्मला. दोन आकडे शेजारी मांडले आणि त्यांत शेतकऱ्याचा सगळा जीव मावला, असे दुसऱ्या कोणत्या भाषेत घडले असेल? सातबारा कोरा व्हावा म्हणून मोर्चे निघतात, बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लागावे म्हणून दावे चालतात, आणि सोयरीक जुळवताना मुलाकडचा सातबारा किती म्हणून विचारतात.

असाच दुसरा आकडा चारसोवीस. १८६० च्या दंडसंहितेतले ते फसवणुकीचे कलम. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक तीनशे अठराव्या कलमात जाऊन बसली. पण बाजारात कोणी कोणाला तीनशे अठरा म्हटल्याचे अजून ऐकिवात नाही. सरकारला नंबर बदलता येतो, शिवी बदलता येत नाही. आमच्या पाथर्डीवरून जाणारा कल्याण-निर्मळ रस्ता पूर्वी दोनशे बावीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता. २०१० च्या नव्या क्रमवारीत तो एकसष्ट झाला. वाटसरूला दोन्ही नंबर सारखेच परके. तो आपला नगरचा रस्ता किंवा बीडचा रस्ता म्हणतो. आणि २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी गाड्यांच्या पाट्यांवरचा सोळा तसाच आहे. कधी नाव टिकते, कधी नंबर टिकतो.

शेताच्या नंबराचे तसेच झाले. वाटण्या झाल्या तसे नंबराचे हिस्से पडले, हिश्शांचे पोटहिस्से पडले. बैलजोडीच्या मापाचा तुकडा तिसऱ्या-चौथ्या पिढीत बैलाला वळायलाही पुरेना. १९४७ साली तुकडेबंदीचा आणि जमिनी एकत्र करण्याचा कायदा झाला. पुढे कित्येक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. वाटण्या मात्र थांबल्या नाहीत.

इथवर नंबर म्हणजे सरकारचा डोळा. वरून खाली पाहणारा, मोजणारा, वहीत मांडणारा. पण म्हातारबाबांनी त्या गड्याला अडवले ते काही सर्व्हे नंबर दाखवून नव्हे. 'लंबरात ये' ह्या शब्दांत जो अधिकार होता तो त्यांनी आणला कोठून?

आपल्या जुन्या गावात क्रम होताच. पण त्याचे नाव नंबर नव्हते, मान होते. पोळ्याला वेशीतून कोणाचा बैल आधी जायचा, होळीला पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाच्या हाती द्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. त्यावरून तंटे होत, गोतसभा बसत, प्रकरणे थेट हुजुरात जात. मान जन्माने मिळे. ज्याला तो नसे त्याने कितीही पहाटे येऊन उभे राहावे, त्याची पाळी शेवटची. आणि पाणवठ्यावर तर काहींची पाळी शेवटचीसुद्धा नसे. ती लागतच नसे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, ते ही न लागणारी पाळी लावण्यासाठी.

नंबराची गोष्ट वेगळी आहे. जो आधी आला त्याचा नंबर आधी. जात विचारायची नाही, घराणे विचारायचे नाही, पटका पाहायचा नाही. ही रीत आपण कोठे शिकलो? रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीवर, दवाखान्याच्या ओसरीवर, १९४३ पासून मुंबईत सुरू झालेल्या रेशनच्या दुकानापुढे. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर बाया-बापड्या एका ओळीत खडी फोडायला बसल्या. त्यांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्या योजनेत मजुराने काम मागायचे ते 'नमुना नंबर चार' भरून. तलाठ्याचे नमुने सरकारने प्रजेकडून काय घ्यायचे ते सांगत आले. हा चार नंबर प्रजेने सरकारकडे काय मागायचे ते सांगतो. एवढ्यापुरती तरी बखरीला कलाटणी मिळाली.

भाषेने हा फरक किती नेमका टिपला आहे पाहा. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो आणि म्हणतो, जागा धरली. नंबर धरला असे म्हणत नाही. जागा धरायची असते ती चपळाईने. नंबर लावायचा असतो आणि मग थांबायचे असते. उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर टँकर यायचा असला की हंडे ओळीने मांडून ठेवतात. हंडा नसेल तर दगड ठेवतात. बाई घरात भाकरी थापत असते आणि बाहेर उन्हात तिचा दगड तिचा नंबर सांभाळत असतो. त्या दगडाला कोणी हलवीत नाही. हलवलाच तर जे भांडण पेटते ते पाण्याचे कमी आणि न्यायाचे अधिक असते.

ह्या मूळच्या दोन अर्थांतून बाकीचे फुटले. शर्यतीत आणि परीक्षेत आला तो 'पहिला नंबर'. त्यातून कौतुकाचा 'एक नंबर'. मिसळ एक नंबर, बैल एक नंबर, माणूस एक नंबर. आणि पहिला उजळ म्हटल्यावर दुसरा आपोआप काळवंडला. 'दोन नंबरचा' धंदा आणि 'दोन नंबरचा' पैसा आला. डोळ्याला नंबर लागतो तेव्हा दिसेनासे होते आणि नंबरचा चष्मा लावला की दिसू लागते. हल्ली 'नंबर दे' म्हणजे फोनचा. जुगाराने मात्र घरचा शब्द सोडला नाही. मटक्यावर लावतात तो आकडाच. विजेच्या तारेवर टाकतात तोही आकडाच, पण तो लोखंडाचा. दोन्ही आकड्यांना पोलिसांचे भय सारखे.

आता त्या बैलजोडीकडे यायचे.

आमच्या जिल्ह्याचे दोन तोंडवळे आहेत. पश्चिमेला प्रवरा-गोदावरीचे कालवे आणि उसाचे मळे. तेथेच लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप सुरू झाले. पूर्वेला गर्भगिरीच्या डोंगराखालचा आमचा पाथर्डी तालुका. मढीचा कानिफनाथ, मोहट्याची देवी, भगवानगड आणि बेभरवशाचा पाऊस. वृद्धेश्वराच्या नावाचा कारखाना ह्या तालुक्यातही झाला, पण ऊस जिकडे पिकतो तिकडे तोडायला जाणारी माणसे अजूनही आमच्याकडची आणि शेजारच्या बीडकडची. मोहट्याच्या नवरात्राला ही माणसे देवीला भेटतात, मुकादमाची उचल घेतात आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीत घालून निघतात. मुकादम विचारतो, किती कोयते? नवराबायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. इथे माणसाला नाव नाही, नंबरही नाही. हत्यारावरून मोजणी आहे.

नंबर पडतो तो त्याच्या गाडीला. पहाटेच्या अंधारात तोडायचे, वाढ्याने मोळ्या बांधायच्या, टायरच्या बैलगाडीत रचायच्या आणि कारखान्याच्या आवारात गाडी नंबराला लावायची. पुढे पन्नास-शंभर गाड्या. काट्यावर वजन व्हायचे, गव्हाणीवर ऊस रिकामा व्हायचा, तेव्हा मोकळे. कधी दोन तासांत नंबर येतो, कधी रात्र जाते. थंडीत बैल जू टाकून उभे, धनी गाडीखाली गोणपाट ओढून आडवा, आणि पुढची गाडी हलली की झोपेतच कासरा ओढून चार हात पुढे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्या बैलजोडीच्या मापाने नंबर आखला, ती जोडी आपला नंबर हरवून आता दुसऱ्याच्या उसाखाली नंबराला उभी आहे.

आणि गावच्या शाळेत हजेरीच्या वहीत ह्या माणसांच्या मुलांचे नंबर तसेच असतात. गुरुजी नंबर पुकारतात, 'हजर' म्हणायला कोणी नसते. पाच-सहा महिने त्या नंबरापुढचा चौकोन मोकळा. ही पोरे मागे राहून शिकावीत म्हणून शासनाने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली. जेवढी पोरे तिच्यामुळे गावी थांबतील तेवढे चौकोन भरतील. माझ्या मते ह्या शतकातल्या सगळ्या नंबरांत आमच्या तालुक्याला ह्या हजेरीच्या नंबराची गरज सर्वांत अधिक आहे.

कारण बाकीचे नंबर आता उदंड झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली ह्या आदिवासी गावात देशातला पहिला आधार नंबर दिला गेला, बारा आकडी. पुढे जनावरांच्या कानांत पिवळे बिल्ले आले. त्यांवरचा नंबरही बारा आकडी. गाडीवर बसलेला धनी आणि जुवाखालचा बैल आता आकड्यांत सारखे झाले आहेत. मोजणी पुरी झाली. पाळी लागायची तेवढी राहिली आहे, आणि बखरीचे उरलेले पान त्याच शब्दाचे आहे.

खिडकीवर म्हातारबाबांचा लंबर आला तेव्हा दुपार कलली होती. आतून प्रश्न आला, "बाबा, नंबर कोणता?"

"बारवंचा," बाबा म्हणाले. "वडाचा लंबर धाकल्याकडं गेला. थोरला कारखान्याला गेलाय, त्याच्या वाटणीचा बारवंचा."

"आकड्यात सांगा."

बाबांनी तो मऊ पडलेला कागद उलगडला, खिडकीतून आत सरकवला आणि आपल्याला वाचता येत नाही अशा त्या आकड्यावर बरोबर बोट ठेवले.